सरांचा टॉवेल

माझ्या जावयाला सगळे सर म्हणतात. मुलं म्हणतात, मुलांचे आईबाप म्हणतात, दूधवाला म्हणतो, आणि माझी मुलगीही म्हणते. "सर, चहा गार होतोय." "सर, गॅस संपलाय." मी एकदा तिला विचारलं, की अगं, झोपेत बडबडतेस तेव्हाही सरच म्हणतेस का, तर दोन वेळच्या जेवणाला रुसून बसली. मी जावईबापू म्हणते. त्यातला बापू जरा लांबवते. त्यांना ते कळतं, पण कळलंय असं दाखवता येत नाही. म्हातारपणी माणसाला एवढं तरी सुख हवं.

सर ज्यूदो शिकवतात. टायरच्या गोदामावर त्यांचा हॉल आहे. खाली निळी मॅट, वर पंखे, आणि खिडक्या कधीतरी रंगवताना ज्या चिकटल्या त्या आजतागायत चिकटलेल्या. जिना चढायला लागलं की पहिल्या वळणावर टायरचा वास येतो आणि दुसऱ्या वळणावर मुलांच्या पायांचा. सर म्हणतात, हा मेहनतीचा वास आहे. मी जन्मभर मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होते. मेहनतीचा वास मला चांगला ठाऊक आहे, आणि न धुतलेल्या कपड्यांचाही.

त्या हॉलमध्ये सरांच्या खुर्चीमागे एक पत्र्याचा डबा असतो. बिस्किटांचा. त्यात टॉवेल. या टॉवेलची कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की सर श्वास कुठे घेतात तेही सांगू शकेन. तरुणपणी सरांनी राज्य स्पर्धेची फायनल जिंकली. समोरचा त्यांच्या दीडपट वजनाचा होता. मॅटवर उतरण्याआधी सरांनी या टॉवेलने तोंड पुसलं, डोळे मिटले, आणि त्यांना म्हणे समोरचा आधीच आडवा दिसला. हॉलच्या भिंतीवर फोटो आहे: गळ्यात पदक, खांद्यावर टॉवेल, केस ओले. घामाने, असं सर सांगतात. तेव्हापासून टॉवेलला पाणी लागलेलं नाही. धुतलं की जातं, असं त्यांचं म्हणणं. काय जातं, असं मी विचारलं होतं. "जे आहे ते," असं उत्तर मिळालं.

तो टॉवेल कधीकाळी पांढरा होता असं मी ऐकून आहे.

आणि हा टॉवेल नुसता डब्यात बसून राहिला असता तर मी कशाला तोंड वाजवलं असतं. पण प्रत्येक स्पर्धेला, मॅटवर जायच्या आधी, प्रत्येक मुलामुलीला सर समोर उभं करतात, डोळे मिटायला लावतात, आणि त्या टॉवेलने तोंड पुसतात. कपाळ, नाक, हनुवटी. मग कानात म्हणतात, "जा. जिंकलास." पोरं अशी निघतात की जणू देवच भेटला. हरली तर सर म्हणतात, डोळे नीट मिटले नसशील.

माझी नात त्याच हॉलमध्ये शिकते. तिला आम्ही बारकी म्हणतो, कारण ती बारकी आहे. पाचवीत गेली तरी तिसरीची दिसते. पण मॅटवर उतरली की समोरच्या दांडग्या पोरींना कशी आणि कुठून उचलते ते कळत नाही. त्या पावभर जिवाचा बापावर इतका जीव, की बाप म्हणेल सूर्य चौकोनी, तर ही वहीत चौकोन काढेल. या वर्षी तिची निवड स्पर्धा होती. निवड झाली तर ती मोठ्या संघात जाणार होती. घरात दुसरा विषय नव्हता.

तर झालं असं, की एका सामन्यानंतर ढब्बू नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गुबगुबीत मुलाच्या नाकाखाली फोड आले. ते फुटले आणि त्यावर पिवळी खपली धरली, मध वाळल्यासारखी. पुढच्या स्पर्धेनंतर आणखी कोणाच्या हनुवटीवर. मग कोणाच्या ओठाच्या कोपऱ्यात, कोणाच्या कानामागे. बघता बघता अर्धा हॉल तोंडावर खपल्या घेऊन फिरू लागला.

आता विद्वानांची मतं ऐका. सर म्हणाले, मॅट घासली की असं होतं, ज्यूदो खेळणाऱ्याच्या तोंडावर खूण हवीच. ढब्बूची आई म्हणाली, चॉकलेट. दुसरी कोणी म्हणाली, साबण बदलला म्हणून. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने न बघताच एक ट्यूब दिली आणि ती हॉलभर फिरली. एकाच ट्यूबमध्ये सगळ्यांची बोटं. ती लावली की लाली दोन दिवस उतरायची, आईबाप सरांच्या पाया पडायचे बाकी राहायचे, आणि मग खपल्या दुप्पट जोमाने यायच्या. तेव्हा म्हणे ट्यूब कमी पडली, जास्त लावा. कपाळाला हात लावायचा म्हटलं तर मला माझं कपाळ कमी पडलं असतं.

माझंही मत होतं, लपवत नाही. मी म्हणत होते की पोट साफ नाही. मी बारकीला एरंडेल पाजलं. पुढे डॉक्टरीणबाई त्यावर हसल्या, आणि मला अजून राग आहे. पण टॉवेल घाणेरडा आहे हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, आणि घाणेरडी वस्तू घाणेरडी आहे हे ओळखायला कुठली पदवी लागत नाही. ऐकतो कोण. मी तोंड उघडलं की सर चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचे, आणि माझी मुलगी मूग गिळून भांडी घासायची.

आणि याच दिवसांत सरांनी दाढी वाढवली. अचानक. आरशात न बघणारा माणूस आरशासमोर उभा राहून हनुवटी चाचपू लागला. मी विचारलं तर म्हणाले, निवड होईपर्यंत दाढी काढायची नाही असा संकल्प आहे. एक टॉवेल कमी होता म्हणून आता दाढीही.

निवड स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात बारकीच्या नाकपुडीखाली खपली आली. त्याच दिवसांत मॅटवर पडून गुडघा सोलवटला होता, आणि ही नाक खाजवायची नि त्याच बोटाने गुडघ्याची खपली काढायची. मी तिचे हात धरून बसायचे. शनिवारी पँट घालताना ती ओरडली. बघते तर गुडघा लाल, तुकतुकीत आणि तव्यासारखा गरम.

"हिला डॉक्टरकडे न्या," मी म्हटलं.

"परवा नेतो, आई," सर म्हणाले. "उद्याचं होऊ द्या."

"परवा नाही, आता."

"आता नेलं तर डॉक्टर खेळू नको म्हणणार. वर्षभर घासलीये पोरगी."

"मग म्हणू दे की."

बारकीच म्हणाली, "आजी, दुखत नाहीये." आणि बापाकडे बघितलं, बरोबर म्हटलं ना, असं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात बाजूला सारावासा वाटला. माझ्या मुलीकडे बघितलं तर तिने नजर फिरवली आणि म्हणाली, "सर बघतायत ना."

सर बघत होते, पण भलतंच. या स्पर्धांत वजन करताना कातडीही तपासतात, हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात ढब्बू आणि आणखी चार-पाच पोरं रांगेत उभी, आणि माझी मुलगी स्वतःचं फाउंडेशन स्पंजने त्यांच्या नाकाखाली थापतेय. तोच स्पंज, एकाचा दुसऱ्याला. मी जन्माला घातलेली, शिकवलेली, कॉलेजात पाठवलेली मुलगी. "सर म्हणाले थोडंच लाव," ती मला म्हणाली. मी नुसती दारात उभी राहिले, आणि मला वाटतं ते बोलण्यापेक्षा वाईट होतं, कारण तिने माझ्याकडे पाठ केली आणि आणखी जोरात थापायला लागली.

मी त्यांच्याबरोबर गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. व्हॅनमध्ये बारकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिचं कपाळ भाजत होतं. मी तसं सांगितलं, तर पुढच्या सीटवरून सर म्हणाले, "टेन्शनचा ताप आहे. मलाही यायचा."

स्पर्धेच्या जागी एक तरुण डॉक्टरीण टेबलामागे बसली होती. समोर कापूस आणि पाण्याची वाटी. तिने ढब्बूकडे बघितलं, कापूस ओला केला आणि नाकाखालून एकदाच फिरवला. कापूस गव्हाळ झाला आणि खपली वर आली. तिने दुसऱ्याचं पुसलं. तिसऱ्याचं. मग रांगेतल्या सगळ्यांना बाजूला उभं केलं.

"हे खेळणार नाहीत," ती म्हणाली.

"मॅट घासलीये, मॅडम," सर म्हणाले. आवाज हॉलमधला. "आमच्याकडे कडक प्रॅक्टिस असते."

"मॅट घासली तर अशी मधासारखी खपली धरत नाही. हे जंतूंचं इन्फेक्शन आहे, इम्पेटिगो म्हणतात. हाताला, कपड्याला लागून एकाचं दुसऱ्याला होतं. औषधाने आठवड्यात जातं. तोवर कोणी कोणाला हात लावायचा नाही. काय लावत होतात?"

कोणीतरी ट्यूब दाखवली. तिने नाव वाचलं आणि डोळे मिटले. म्हणाली, ही लाली दाबते आणि जंतूंना मोकळं रान देते, फेकून द्या. पोरांचे आईबाप आता सरांकडे बघायला लागले होते. कालपर्यंत ज्यांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं तेच. मला त्यांचीही कीवच आली. पण किवेपेक्षा जरा खालचंच काहीतरी.

मग बारकीची पाळी आली. डॉक्टरणीने नाक बघितलं, कपाळाला हात लावला, आणि पँट वर करायला सांगितली. बारकी करेना. मी पुढे होऊन वर केली. गुडघा फुगून गोल झाला होता, आणि त्यातून एक लाल रेघ मांडीकडे चढली होती. शनिवारी ती नव्हती.

"हे कधीपासून?" डॉक्टरीण उभीच राहिली. "हे आत शिरलंय. हिला आत्ता दवाखान्यात न्या. उद्या नाही, संध्याकाळी नाही, आत्ता."

बारकी रडायला लागली. आवाज न करता, नुसतं डोळ्यांतून. ती पायासाठी रडत नव्हती हे सगळ्यांना कळत होतं. सरांचा हात सवयीने पिशवीत गेला. त्यांनी डबा उघडला, टॉवेल काढला, आणि तिच्या समोर गुडघे टेकून तिचे डोळे पुसायला निघाले.

"थांबा," डॉक्टरीण म्हणाली. "हा कोणाचा टॉवेल?"

सर टॉवेलची घडी घालायला लागले. ढब्बूच म्हणाला, बिचारा अभिमानाने, "आमचा सगळ्यांचा. सर सगळ्यांचं तोंड पुसतात. तो कधीच धुवायचा नसतो."

डॉक्टरीण टॉवेलकडे बघत होती, मग पोरांच्या तोंडांकडे, मग सरांकडे. "दाढी जरा वर करा," ती म्हणाली. सरांनी केली नाही. तिने स्वतःच हातमोज्याच्या बोटाने हनुवटीवरचे केस बाजूला केले. खाली पिवळ्या खपल्यांचा थर होता, पोरांच्यापेक्षा जुना.

वर्षानुवर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच असणार. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या, पुराव्यानिशी. मी तो टॉवेल दोन बोटांत धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, गाठ मारली, आणि म्हटलं, "चला, जावईबापू. आता तरी गाडी काढा." बापू चांगला लांबवला.

दवाखान्यात बारकीच्या हाताला सलाईन लावलं आणि सुईतून औषध सुरू केलं. नर्सने पेन घेऊन तिच्या मांडीवर, लाली जिथे संपत होती तिथे, निळी रेघ आखली. म्हणाली, लाली या रेघेच्या आत राहिली तर बरं, ओलांडली तर मला लगेच हाक मारा. तोवर माझी मुलगीही येऊन पोचली, आणि आम्ही दोघी त्या रेघेकडे बघत बसलो. संध्याकाळी लाली रेघेला टेकली. मोठे डॉक्टर आले, औषध बदललं, आणि माझ्या मुलीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. तिथून परतली तेव्हा पहिल्यांदाच तिने सरांना सर म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

सर खाटेपासून लांब, दाराजवळ उभे होते. दाढी काढून आले होते. हनुवटीवर मलम, चेहरा उघडाबोडका. त्यांना कोणी बस म्हटलं नाही. मी तर खुर्चीवर माझी पिशवी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकीने डोळे उघडले. ताप होताच. तिने आधी बापाला शोधलं.

"बाबा, टॉवेल कुठाय?"

"असू दे आता," सर म्हणाले.

"आजीच्या पिशवीत आहे. मी बघितलंय. एकदा पूस ना. मग उतरेल."

"बारके, त्यानेच झालंय हे," मी म्हटलं.

"तुला नाही कळत," ती मला म्हणाली, आणि पुन्हा बापाकडे वळली. "फायनलला तू पुसलंस तेव्हा तो केवढा मोठा होता, तरी पडला ना? मग हे पण पडेल. बाबा, एकदाच. मी नीट डोळे मिटेन."

आणि तिने डोळे मिटले. तोंड वर करून, सुई लावलेला हात पांघरुणावर सरळ ठेवून, वाट बघत पडून राहिली.

सर खाटेजवळ आले. मी पिशवीवर हात ठेवला. हा माणूस पोरीचं मन राखायला आता काहीही करेल, तो घाण कपडा पुन्हा तिच्या तोंडाला लावेल, असं मला खरंच वाटलं. त्यांच्याबद्दल माझं मत तेवढंच होतं.

"फायनल झालीच नव्हती," सर म्हणाले.

बारकीने डोळे उघडले.

"समोरचा आलाच नाही. त्याची गाडी चुकली असं नंतर कळलं. मी अंघोळ करून बसलो होतो. बसूनच राहिलो. मग त्यांनी बोलावलं, पदक घातलं आणि फोटो काढला. टॉवेल अंघोळीचा होता, खांद्यावरच राहिला होता. त्यात काही नाही, बाळा. कधीच नव्हतं."

फोटोतले ओले केस मला आठवले. इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर होता, आणि मला, जिला घरात सगळं दिसतं, ते दिसलं नव्हतं.

"म्हणजे तू खेळलाच नाहीस?" बारकीने विचारलं.

"नाही."

"कोणाला पाडलंच नाहीस?"

"त्या दिवशी नाही."

बारकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा वरचा ओठ एका बाजूला जरासा उचलला गेला, भुवई वर गेली, आणि तिने बापाला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं. मोरीतून निघालेल्या वस्तूकडे बघावं तसं. मग तोंड भिंतीकडे केलं. सर तिथेच उभे राहिले. त्या दीड फूट रुंद खांद्यांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"बारके," मी म्हटलं, "बापाकडे असं बघू नये."

ती वळलीही नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "तू तर रोज बघतेस."

माझ्या मुलीने मान खाली घातली. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बरं झालं, कारण माझा चेहरा कुठे ठेवू हे मला सुचत नव्हतं. मी पिशवी उघडली, गाठ मारलेलं प्लॅस्टिक काढलं आणि सफाईवाली आली तेव्हा तिच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सरांनी तिकडे मान वळवली नाही.

मग नर्स आली, पांघरूण बाजूला केलं आणि वाकून बघितलं. लाली रेघेच्या आत आली होती, बोटभर. कातडीवर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. ती म्हणाली, सूज उतरायला लागली की अशा पडतात.

"खाली गेलीये ना?" सरांनी दुरूनच विचारलं. त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची हिंमत नव्हती.

"गेलीये," मी म्हटलं. मी खुर्चीवरची पिशवी उचलली, खाली ठेवली, आणि खुर्ची खाटेकडे ढकलली. "बसा इथे तिच्याजवळ. पण आधी हात धुऊन या."

ते गेले. नळ बराच वेळ चालू होता.